जुन्या थारचे बुश बदलले तरी खटखट परत येते? आधी बघा बोल्ट कुठं आवळला होता

आपल्या कोल्हापुरात एमएच ०९ ची जुनी थार घेतलेल्या पोरांचं हे कायमचं रडगाणं आहे. गाडी घेतली, खालून खटखट ऐकू आली, मिस्त्रीनं सांगितलं बुश (सस्पेन्शनच्या सांध्यात बसणारे रबरी तुकडे) गेलेत, बुश बदलले, गाडी एकदम गप्प झाली, आणि मग एक पावसाळा गगनबावडा-दाजीपूर फिरून झाला की परत तीच खटखट, परत तेच बिल. मग कुणी म्हणतं बुश डुप्लिकेट होते, कुणी म्हणतं पीयू (पॉलियुरेथेनचे कडक बुश) टाक, कुणी म्हणतं विकून टाक. मी इथं बोलतोय ते २०१० ते २०२० मधल्या सीआरडीई थारबद्दल, जिला पुढं टॉर्शन बार आणि मागं पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. २०२० च्या नव्या थारला चारी बाजूला कॉइल स्प्रिंग आहेत, तिचं थोडं वेगळं, पण बुशचा नियम सगळीकडं सारखाच. बोलेरो, जिप्सी, जुनी जीप काहीही असू दे.

पहिलं म्हणजे खटखट आली की लगेच बुशवर खापर फोडू नका. खालून आवाज येणाऱ्या दहा जागा आहेत आणि कानाला सगळ्या सारख्याच वाटतात. शॉकअपचा खालचा बुश गेला तरी खटखट, स्टॅबिलायझरची (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याची) लिंक ढिली झाली तरी खटखट, मागं पाटा अ‍ॅक्सलला बांधणारा यू बोल्ट ढिला असला तरी ब्रेक मारताना धप्प असा एक ठोका येतो, आणि चासीवर बॉडी बसते तिथले रबर माउंट बसले असतील तर खड्ड्यात अख्खी बॉडीच आदळल्यासारखी वाटते. म्हणून आधी थोडा वेळ काढून नीट शोधा. छोट्या स्पीड ब्रेकरवरनं एकदम हळू गाडी न्या, फक्त एका बाजूचं चाक चढवा, काच खाली, गाणी बंद. एका चाकाला आवाज येतो आणि दोन्ही चाकं एकदम चढवली की येत नाही असं असेल तर संशय स्टॅबिलायझरवर घ्या, कारण दोन्ही चाकं सारखी वर गेली की त्याला पिळायला काही उरतच नाही. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्समधनं फर्स्टला टाकताना एकच ठोका येत असेल तर आर्मचे (चाक चासीला जोडणाऱ्या हाताचे) बुश, पाट्याचे बुश, यू बोल्ट या तिघांपैकी कोणतरी.

मग गाडी जॅकवर घ्या, घोडी म्हणजे जॅक स्टँड लावा (नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालू नका, हे सांगायला लागू नये पण सांगतो, कारण आपल्या उद्यमनगरातल्या गॅरेजांत सुद्धा रोज बघतो), आणि चाक वर-खाली धरून हलवा. तिथं खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडं धरून हलवलं आणि खेळ आला तर स्टिअरिंगचे टाय रॉड. या दोन्हीत चाक घट्ट आहे, तरी आवाज आहे, मग पहार घ्या आणि आर्म आणि ब्रॅकेटच्या मधे घालून हळूच उचकटून बघा. चांगला बुश थोडा दबतो आणि परत जागेवर येतो. मेलेला बुश दबतो, लोखंडाला लोखंड लागतं, आणि टक्क असा आवाज देतो.

आणि एक सोपी युक्ती, ही मला लय आवडते. पांढरा ऑइल पेंट किंवा पेंट मार्कर घ्या, बोल्टच्या डोक्यावरनं, ब्रॅकेटवरनं, आर्मच्या डोळ्यावरनं (बुश बसतो त्या कड्यावरनं) अशी एक सरळ रेघ ओढा. गाडी चार दिवस नेहमीसारखी चालवा, मग खाली जाऊन बघा. आर्म त्याच्या जागी वर-खाली होणारच, पण गाडी सपाट जागेवर उभी असताना रेघ परत जुळली पाहिजे. बोल्टचं डोकं ब्रॅकेटवर सरकलेलं दिसलं तर बोल्ट ढिला आहे. आर्म मागं-पुढं सरकून रेघ तुटली असेल तर रबर आतनं फाटलाय. चाकाला धरून हलवण्यात किंवा पहारीनं उचकटण्यात माणसाचा अंदाज चालतो, रेघेत अंदाज चालत नाही.

आता मुद्द्याचं. बुश काम कसं करतो हे बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं. लोकांना वाटतं बुश म्हणजे बेअरिंगसारखं काहीतरी, आतली नळी रबरात फिरते म्हणून आर्म वर-खाली होतो. तसं नाहीये. रबरी बुशमधे आतली लोखंडी नळी आणि बाहेरची नळी यांच्यामधे रबर दोन्हीकडनं चिकटवलेला असतो. बोल्ट आवळला की आतली नळी दोन ब्रॅकेटच्या मधे चेपून बसते, जरासुद्धा फिरत नाही, बऱ्याच बुशच्या नळीच्या तोंडावर त्यासाठी बारीक दाते पण असतात. बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात घट्ट बसलेली असते, ती पण फिरत नाही. मग आर्म वर-खाली कसा होतो? तर मधला रबर पिळला जातो आणि परत सुटतो. सगळा खेळ त्या पिळण्याचा.

आता विचार करा, बोल्ट आवळला त्या क्षणी आर्म ज्या कोनात होता, तोच रबराचा शून्य. तिथं रबर निवांत. गाडी टू पोस्ट लिफ्टवर उचललेली आहे, चाकं हवेत लोंबकळतायत, आर्म पार खाली गेलेत, आणि मिस्त्रीनं त्याच अवस्थेत एअर गननं बोल्ट खडखडखड करून आवळून टाकला. झालं, रबराचा शून्य आता लोंबकळत्या चाकाला सेट झाला. गाडी खाली आली की आर्म वर आला आणि रबर पिळला गेला, आणि आता गाडी नुसती दारात उभी असली तरी तो रबर चोवीस तास पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा बसलाय. खड्डा आला की अजून पिळणार, त्याच बाजूला. पूर्ण ताण एका बाजूला, दुसऱ्या बाजूला जवळपास काहीच नाही. असा बुश किती टिकणार? ओरिजिनल असू दे नाहीतर इम्पोर्टेड, काही महिन्यांत आतनं चिरतोच.

उद्यमनगरात प्रेसवर काढलेला असा एक बुश आम्ही हॅक्सॉनं मधोमध चिरून बघितला होता. बाहेरनं एकदम नवा, रबर काळाभोर, भेगा नाहीत, ओझोननं येतात तशा बारीक रेषा पण नाहीत. पण आत, आतल्या नळीला लागून, एका बाजूला चंद्रकोरीसारखी फट, नखभर रुंद, आणि त्या फटीत आपली लाल माती भरलेली, घट्ट. दुसऱ्या बाजूला रबर अजून नळीला पक्का चिकटलेला, पकडीनं ओढला तरी सुटेना. म्हणजे मालात खोट नव्हती. रबर नीट चिकटवलेला होता, त्याला एकाच बाजूला मारून मारून मारलाय. दुकानदाराच्या नावानं शिमगा करून काय होणार.

म्हणून गॅरेजला जाल तेव्हा एवढंच सांगा: "मिस्त्री, बुश बसवा, बोल्ट नुसते हातानं लावून ठेवा, फायनल टाइट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच." तो म्हणेल "काय फरक पडतंय साहेब, आम्ही वीस वर्षं असंच करालोय." तर वाद घालू नका, म्हणा माझी हौस आहे, करा तेवढं. यात खरं तर जुन्या खड्डावाल्या गॅरेजचाच फायदा आहे. फुलेवाडी नाक्याकडं किंवा आत गल्लीबोळात अजून जमिनीत खड्डा असलेली गॅरेजं आहेत, गाडी वर उभी, चाकं जमिनीवर, मिस्त्री खड्ड्यात. तिथं बोल्ट आपोआप बरोबर उंचीला आवळला जातो. चकचकीत टू पोस्ट लिफ्टवाल्याकडं जास्त पैसे देऊन उलटं काम होतं, ही गंमतच आहे. फोर पोस्ट रॅम्प असेल, ज्यावर गाडी चढवून चाकांवरच उभी राहते, तर मात्र उत्तम.

खड्डा नाही, रॅम्प नाही, घरीच करायचंय, तर काम सुरू करायच्या आधी गाडी सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मधल्या बिंदूपासनं वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं माप घ्या, चारी चाकांचं, आणि मडगार्डवरच खडूनं लिहून ठेवा. बुश बसवून झाले, बोल्ट ढिले आहेत, आता खालच्या आर्मच्या बॉल जॉइंटजवळ जॅक लावून आर्म उचला, मघाचं माप येईपर्यंत. तेवढ्यात गाडी घोडीवरनं उठायला लागली तर थांबा, घोडी सुटता कामा नये. माप जुळलं की मग आवळा. त्याहून बरं म्हणजे बोल्ट बेताचे आवळून गाडी खाली घ्या, अंगणात दोन-चार मीटर पुढं-मागं ढकला, बंपरवर दोनदा दाबून सोडा, मग खाली झोपून फायनल करा. हे पुढं-मागं करायचं कारण असं, की गाडी जॅकवरनं उतरते तेव्हा टायर आत ओढलेले राहतात, जमिनीला चिकटून बसतात, म्हणून गाडी खऱ्या उंचीपेक्षा वरच थांबते. चार फिरक्या झाल्या की ती नीट बसते. टॉर्क किती तो सर्व्हिस मॅन्युअलमधनं घ्या, टॉर्क पाना वापरा, गन नको.

आता थारची स्वतःची एक भानगड. पुढं टॉर्शन बार आहे, म्हणजे लांब पोलादी दांडा, एक टोक आर्मला, दुसरं चासीला, आणि तो पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करतो. त्याच्या चासीकडच्या टोकाला अ‍ॅडजस्टर बोल्ट असतो, तो आवळला की गाडीचं नाक वर येतं. जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकानं हा बोल्ट आवळून ठेवलेला असतो, शंभरातले किती ते नाही सांगत पण भरपूर जण हेच करतात, कारण फुकटात लिफ्ट मिळते आणि मोठे टायर बसतात. पण गाडी उचलली तशी आर्म खाली तिरपे झाले, म्हणजे कंपनीतनं आवळलेल्या बुशचा शून्य वेगळा आणि आता गाडी उभी राहते तो कोन वेगळा. बुश परत कायम पिळलेला. वरनं खाली जायची वाट कमी उरते, त्यामुळं खड्ड्यात चाक लवकर लोंबकळून स्टॉपला आपटतं, आणि पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढून त्यांचे रबरी बूट पण लवकर फाटतात.

यावर उपाय दोन. एक, गाडीचं नाक परत कंपनीच्या उंचीला आणा. दुसरा, उंची हवीच असेल तर ठेवा, पण त्या नव्या उंचीला गाडी उभी करून आर्मचे सगळे पिव्हट बोल्ट ढिले करा आणि परत आवळा. एवढं एक काम कुणी करत नाही आणि मग बुशच्या नावानं बोंब. बार काढायचा असेल तर अ‍ॅडजस्टरच्या बोल्टचे बाहेर दिसणारे आटे आधी मोजून लिहून ठेवा, डावे-उजवे वेगवेगळे, आणि बारवर डावा-उजवा खूण करा, कारण बार त्याच बाजूला परत गेला पाहिजे. आणि बारचा ताण पूर्ण सुटल्याशिवाय आर्मला हात लावू नका. त्यात साठलेली ताकद हात मोडायला पुरेशी आहे, यात माझी अतिशयोक्ती नाही बघा, खरंच.

मागच्या पाट्यांची कथा थोडी सोपी. पुढच्या टोकाला डोळ्यात बुश, मागच्या टोकाला शॅकल (पाटा चासीला टांगणारी झुलती कडी) आणि त्यात दोन बुश. पाटा दबला की लांब होतो म्हणून शॅकल मागं-पुढं झोका घेते. तिथंही आवळायचा नियम तोच, चाकं जमिनीवर. जी गाडी कायम रिकामीच फिरते ती रिकामी असताना, जिच्यात रोज माल असतो ती माल भरून. शॅकलच्या भोवती तपकिरी-लाल पूड साठलेली दिसली तर ती नुसती माती नसून गंजही असू शकतो, म्हणजे लोखंडाला लोखंड घासतंय. ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला नळीच्या तोंडाएवढं चकचकीत कडं दिसलं तर बुश चांगला असू शकतो, पण बोल्ट ढिला असल्यानं नळी तिथंच फिरत राहिलीय. अशा वेळी ब्रॅकेटचं भोक पण लांबोळं झालंय का ते बघा. भोक लांबोळं झालं की नवा बुश पण खटखटणारच. ते भरून परत भोक पाडायला वेल्डर आणि टर्नर दोघं चांगले लागतात.

बुश काढताना उद्यमनगरात प्रेस आहेच, हातोडीनं घण घालत बसू नका. बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो, आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, दोन-तीनदा. गॅस लावून जाळून काढायची पद्धत आहे, निघतो पण, पण रबराचा धूर आणि आर्मला बसलेला ताव दोन्ही वाईट. नवा बुश दाबताना दाब बाहेरच्या नळीवर द्यायचा. आतल्या नळीवर दाबला तर बसायच्या आधीच रबर सुटलेला असतो. डोळ्यातला गंज एमरी पेपरनं साफ करा, डोळ्याची कड घासून थोडी तिरपी करा, आणि रबर जिथं लागतो तिथं नुसतं साबणाचं पाणी. ग्रीस अजिबात नाही. आणि बुश डोळ्यात ढिला बसला म्हणून दोन ठिकाणी वेल्डिंगचा टाका मारणारे महाभाग आहेत, त्यांच्याकडनं आर्म उचला आणि चालू लागा. त्या टाक्याच्या उष्णतेनं रबर नळीपासनं सुटतो, आणि मुळात डोळा ढिला असेल तर आर्मच बदलायचा असतो.

ग्रीसवरनं आठवलं. आपल्याकडं वॉशिंग सेंटरला गाडी धुतली की "खालून स्प्रे मारू का साहेब" असं विचारतात आणि डिझेल-ऑइलचं मिश्रण सगळीकडं फवारतात. पावसाळ्यात गंजापासनं बचाव म्हणून लोक खुशीत हो म्हणतात. चासीला चालेल, पण डिझेल, जळकं ऑइल, साधं ग्रीस हे सगळं नैसर्गिक रबराला फुगवतं आणि मऊ करतं. पाटे कुरकुरतात म्हणून मारलेला स्प्रे शेवटी पाट्याच्या बुशवर जातोच. कुरकुर बंद करायची असेल तर पाटे उघडून मधे साफ करून घ्या, नाहीतर बुश झाकून स्प्रे मारायला सांगा. नुसतं "बुशवर नको" म्हटलं तर तो हो म्हणतो आणि मारतोच.

पीयूचं विचाराल तर माझं मत सरळ आहे. साधा रबरी बुश साधारण ५५-७० शोअर ए कडकपणाचा असतो, पीयू ८०-९५. पीयूमधे रबरासारखं पिळणं नाही, तिथं आतली नळी खरोखर फिरते, म्हणून लोंबकळत्या चाकाला आवळला तरी तो मरत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि दाजीपूरच्या लाल चिखलात गाडी घातली की ती माती त्या फटीत शिरते, पॉलिश पेपरसारखं काम करते आणि मग चिर्र चिर्र असा आवाज येतो की बायको-पोरं गाडीत बसायला तयार होत नाहीत. दरवेळी उघडून ग्रीस करायची तयारी असेल तर टाका. नसेल तर आर्मला रबरच बरा, फार तर स्टॅबिलायझरला पीयू.

विकत घेताना नुसतं पाकीट बघू नका. व्हर्निअर घेऊन जा, किंवा दुकानातच मागा, जुन्या बुशच्या आतल्या नळीची लांबी मोजा आणि नव्याची मोजा. नवी आखूड असेल तर ब्रॅकेट कितीही आवळलं तरी ती चेपून बसत नाही, फिरत राहते. नळी आणि रबराच्या सांध्यावर नखानं टोकरून बघा, नख आत गेलं तर परत ठेवा. आणि एका बाजूचे बदलायचे, दुसरे "अजून चांगले आहेत" असं करू नका, दोन्ही बाजू एकदम.

काम झाल्यावर अलाइनमेंट करायलाच लागते, बुश बदलले की आर्मची जागा थोडी बदलते. फक्त टो बघून पाठवणारा नको, कॅम्बर आणि कॅस्टरचं (चाकाच्या बाकीच्या दोन कोनांचं) पण प्रिंट मागा, आधीचं आणि नंतरचं. पुढचे टायर आतल्या कडेला झिजले असतील तर तेही दाखवा. आणि साधारण पाचशे किलोमीटर झाले की एकदा सगळे बोल्ट आणि मागचे यू बोल्ट परत तपासा, गाडी चाकांवर उभी ठेवून. पन्हाळ्याला बारा-तेरा चकरा मारल्या की होतात तेवढे. तेव्हाच ती पांढरी रेघ परत नव्यानं ओढून ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर खाली नुसता मोबाइलचा टॉर्च मारला तरी कळेल.